मांडवातला परका सूर

गणेशोत्सवाच्या मांडवात, लग्नघरी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीचा दोन-चार मिनिटांचा असा एक काळ असतो की, जेव्हा सभा अजून स्थिरावलेली नसते, पाहुणे यायचे असतात आणि ध्वनिवर्धक मात्र नुकताच चालू केलेला असतो. कोणी बोलत नाही, कोणी गात नाही, तरीही कर्ण्यातून एक आवाज येत राहतो. खर्जातला, सलग, न थांबणारा. भिंतीपलीकडे एखादा भुंगा अडकून पडावा तसा. श्रोत्यांपैकी शंभरातल्या नव्याण्णवांना तो ऐकूही येत नाही, कारण कानाला त्याची सवय झालेली असते. उरलेला जो एक असतो, तो मी. माझे सारे लक्ष त्या आवाजाकडे जाते, आणि व्यासपीठावर कोण बसले आहे हे पाहण्याआधी मी टेबलाखाली वाकून तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते पाहू लागतो. घरची मंडळी यावर हसतात. हसोत बापडी. या घुमघुमण्याशी माझे नाते साठ वर्षांहून जुने आहे, आणि त्याला एक कारण आहे. ते कारण सांगण्यापूर्वी या आवाजाची कुळकथा सांगणे योग्य होईल; कारण हा पाहुणा वाटतो तितका आजकालचा नाही.

प्रथम त्याचा सूर ओळखून घेऊ. आपल्या घरात येणारी वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावे खाते. सेकंदाला ५० आंदोलनांचा आवाज पेटीवर शोधू गेल्यास तो खर्जाच्याही खालच्या सप्तकात, पांढरी पाच आणि काळी चार या दोन पट्ट्यांच्या फटीत सापडतो. यंत्रात त्या विजेचे हेलकावे मोडून ती एकदिश केली जाते, तेव्हा प्रत्येक हेलकाव्याच्या दोन लाटा होतात आणि सूर एक सप्तक वर, १०० आंदोलनांवर जातो. पण राहतो त्याच फटीत. म्हणजे ज्या गायकाचा षड्ज काळी चारचा आहे, त्याच्या तंबोऱ्याच्या पोटात हा एक परका, किंचित उतरलेला सूर दिवसभर भांडत बसतो. आमच्या गावी आलेल्या एका वृद्ध गवयांनी माझ्या वडिलांना एकदा गंभीरपणे विचारले होते, "अण्णा, तुमचं मशीन जरा चढवता येईल का? त्याचा सा माझ्या साला लागत नाही." अण्णांनीही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले, "बुवा, तो सा सरकारचा आहे. तो चढवायला विजेच्या कारखान्यातच जावं लागेल." अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, तेव्हा तिकडच्या मांडवातला परका सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये लागतो. देश बदलला की भाषा बदलते तसे यंत्राचे घुमणेही बदलते, ही मौज आहे.

आता त्याच्या जन्माकडे वळू. १८३१ साली मायकेल फॅरेडे याने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली आणि एकातली वीज चालू-बंद केली की, काही एक संबंध नसलेल्या दुसऱ्या वेटोळ्यातही क्षणभर वीज उमटते, हे दाखवून दिले. या एका शोधावर पुढचे सारे विद्युत्‌युग उभे राहिले. जनित्र त्यातून आले, रोहित्र त्यातून आले, आणि आपले घुमघुमणेही त्यातूनच आले. एका तारेतली हलती वीज शेजारच्या तारेच्या कानात कुजबुजते. शेजारची तार जर तारायंत्राची असेल, तर त्या कुजबुजीचे काही बिघडत नाही, कारण तारायंत्राला कट्ट-कडकट्ट एवढेच कळते. पण १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलने टेलिफोन आणला, आणि तारेला माणसासारखा नाजूक कान फुटला.

सुरुवातीच्या टेलिफोनला तारायंत्राचीच एक खोड लागलेली होती. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइलने असे दाखवले होते की, तारायंत्राला जाण्यासाठी एक तार पुरे. परतीच्या वाटेसाठी खुद्द धरणीच वापरता येते. दोन्ही टोके जमिनीत पुरली की काम झाले. निम्मी तार वाचली, म्हणून सगळ्यांनी ती युक्ती उचलली. टेलिफोनवाल्यांनीही उचलली, आणि मग त्यांना जमिनीतले सगळे गुपित ऐकू येऊ लागले. शेजारच्या तारेतली कडकट्ट, दिव्यांच्या तारांची भुणभुण, आणि १८८८ साली अमेरिकेतल्या रिचमंड शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्यावर तर रुळांतून जमिनीत उतरणाऱ्या विजेची घरघर! धरणी ही सर्वांची माता खरी, पण सर्वांचे ऐकून घेणाऱ्या मातेपाशी एकाचेच बोलणे निर्मळ कसे राहणार?

उपाय बेलनेच १८८१ साली सुचवला होता आणि त्याचे पेटंटही घेतले होते. परतीसाठी जमीन वापरायची नाही; दोन तारा घ्यायच्या आणि त्यांना वेणीसारखा पीळ द्यायचा. बाहेरची कुजबुज दोन्ही तारांच्या कानी सारखीच पडते. बोलणे मात्र एका तारेने जाते आणि दुसरीने उलटे येते. पलीकडच्या टोकाला दोन्ही तारांमधला फरक तेवढा ऐकायचा. जे दोघींनी सारखे ऐकले ते वजा होते, जे उलटसुलट होते ते उरते. दोन जावांकडून एकच गाऱ्हाणे ऐकून त्यातले खरे काढणाऱ्या शहाण्या सासूचेच हे गणित आहे. आज एवढ्या वर्षांनीही जगातल्या प्रत्येक चांगल्या मायक्रोफोनची तार याच तत्त्वावर चालते: आत पिळाच्या दोन तारा, आणि त्यांच्या भोवती तांब्याच्या विणीचा पदर. हा पदरही फॅरेडेचाच. बाहेरची वीज धातूच्या पिंजऱ्याच्या आत शिरत नाही, हे १८३६ साली त्याने स्वतः तशा पिंजऱ्यात बसून सिद्ध केले होते.

सभेतला मोठा आवाज जन्माला आला तो कॅलिफोर्नियात. एडविन प्रिडहॅम आणि पीटर जेन्सन या दोघांनी आपल्या कर्ण्याला मॅग्नाव्हॉक्स, म्हणजे लॅटिनमध्ये 'महान वाणी', असे नाव दिले, आणि १९१५ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोरील जमावाला त्याचा आवाज ऐकवला. १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगोच्या क्रीडांगणावर अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण याच यंत्रातून हजारो लोकांनी ऐकले. अध्यक्षांना काचेच्या खोलीत उभे केले होते. गर्दीचा आणि कर्ण्यांचा आवाज माईकमध्ये परत शिरू नये, एवढ्यासाठी राष्ट्राध्यक्षांनाच बरणीत घालावे लागले! मात्र विजेची घुमघुम हे या पहिल्या कर्ण्याचे दुखणे नव्हते, कारण तो बॅटरीवर चालत असे आणि बॅटरीची वीज हेलकावे घेत नाही. त्याच्या आवाजात कोळशाच्या माईकची सरसर होती, घुमणे नव्हते.

घुमणे आले ते सोयीबरोबर. बॅटऱ्यांचा कंटाळा येऊन १९२५ साली कॅनडात एडवर्ड रॉजर्स याने थेट घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ विक्रीस आणला. त्याच साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर सिद्ध केला, जो अल्पस्वल्प फरकाने आजही आपल्या घरी वाजतो. बॅटरी गेली, खर्च वाचला. पण भिंतीतला हेलकावा आता थेट काचेच्या वाल्वच्या पोटात शिरला. मग पुढची कित्येक वर्षे शेकडो इंजिनियर या एकाच शत्रूशी झुंजत राहिले. वाल्वची तापणारी तार वेगळी केली, विजेच्या वाटेत साठवणीचे कंडेन्सर आणि जाड वेटोळी घातली. एका युक्तीचे तर मला फार कौतुक वाटते. त्या काळच्या लाउडस्पीकरमध्ये विजेचे मोठे चुंबक असे आणि त्यातून थोडी घुमघुम पाझरत असे. तेव्हा स्पीकरच्या वेटोळ्याच्या जोडीला काही वेढ्यांचे एक उलटे वेटोळे जोडून देत. घुमणे घुमण्यावर घातले की शांतता! १९५५ साली सेथ लव्हर याने गिब्सन कंपनीत गिटारसाठी दोन उलट्या वेटोळ्यांचा ध्वनिग्राहक केला तो याच न्यायाने. सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्यांच्या तोंडी 'हमबकर' हा शब्द असतो, त्याचा अर्थ एवढाच की, हमला बगल देणारा.

आपल्याकडे सभेचा कर्णा घरोघर माहीत झाला तो स्वातंत्र्याच्या चळवळीमुळे. १९३०च्या दशकापासून काँग्रेसच्या सभा-अधिवेशनांत नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे माईक दिसू लागले. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या कितीतरी छायाचित्रांत त्यांच्या ओठांपुढे त्या नावाची पाटी आहे. तोपर्यंत आपला कीर्तनकार, शाहीर आणि गायक नट आपल्या छातीच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. नंतर तो जोर यंत्राकडे गेला आणि त्याबरोबर घुमघुमही मांडवात आली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, कृष्णेच्या काठचे. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तेथे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान काढले. सुरुवातीची यंत्रे मोटारीच्या बॅटरीवर चालत. त्यांच्यात एक कंपक असे, आणि तो स्वतःच मधमाशीसारखा भुणभुणत राही. तेव्हा आम्ही बॅटरीवरदेखील निःशब्द नव्हतो. पुढे गावात वीज आली आणि अण्णांनी विजेवर चालणारे वाल्वचे मोठे मशीन आणले. आणल्याबरोबर त्यांनी पहिले काम कोणते केले असेल, तर दुकानामागच्या परसात पुरुषभर खड्डा खणला. त्यात लोखंडी नळ उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर घातले, नळाच्या तोंडाला तार बांधून ती आत आणली. ही आमची अर्थिंग. कोळसा-मिठाने जमीन ओलसर राहते आणि ओली जमीन वीज चटकन पोटात घेते, हे त्यातले शास्त्र. उन्हाळ्यात आई सकाळी तुळशीला पाणी घाली आणि अण्णा त्या नळाला. शेजारीपाजारी म्हणत, "यांनी परसात देव पुरलाय." अण्णा म्हणत, "देवच आहे. मशीनची वीज उधळली तर तिला पोटात घेणारी ही माउली." कुठेही मांडव पडला की, तेथल्या शाळेची किंवा देवळाची अर्थिंग जागेवर आहे की नाही हे तपासल्याशिवाय ते मशीन चालू करीत नसत.

१९६३ सालचा भाद्रपद. मी सोळा वर्षांचा होतो, मॅट्रिकच्या वर्गात होतो, आणि सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या हाताखाली काम करीत होतो. त्या साली पाऊस लांबला होता. एका गावी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मशीनला वीज शाळेतून घेतली होती, आणि पलीकडे देवळाच्या ओसरीवर ग्रामोफोन ठेवला होता, त्याला वीज देवळातून. ग्रामोफोनच्या खोक्यातच एक लहानसे वाल्वचे मशीन होते, म्हणून त्यालाही तीन पिनांची बत्ती होती. दोन्हींच्या मध्ये आवाजाची लांब तार. अण्णा दुसऱ्या गावच्या कामासाठी गेले होते आणि कीर्तनाच्या वेळी येणार होते. मी मशीन चालू केले मात्र, मांडवभर घुम्म असा आवाज भरला. माईक बंद केला, तरी घुम्म. वाल्व बदलला, तरी घुम्म. मंडळाचे कार्यकर्ते भोवती जमले. "पोराच्या हाती दिलंय," असे कोणीतरी म्हणाले. ते ऐकून माझे कान तापले.

काय झाले होते, हे मला आज नीट सांगता येते. शाळेची अर्थिंग वेगळी आणि देवळाची वेगळी. दोन्ही जमिनीतच गेल्या होत्या, पण दोन ठिकाणची जमीन विजेच्या दृष्टीने अगदी समपातळीत कधीच नसते. दोन विहिरींचे पाणी कमी-जास्त उंचीवर असावे आणि कोणी त्यांना नळाने जोडावे, तसे झाले. आवाजाच्या तारेचा तांब्याचा पदर हा तो नळ. शाळेच्या अर्थिंगपासून मशीनमध्ये, मशीनमधून पदरावाटे ग्रामोफोनमध्ये, तेथून देवळाच्या अर्थिंगमध्ये आणि जमिनीतून परत, असे एक मोठे कडे पूर्ण झाले आणि त्यातून विजेची गस्त सुरू झाली. ती अगदी क्षीण असते. पण माईकमधून येणारा आवाजच मुळी व्होल्टाच्या एखाद-दोन सहस्रांशाइतका. त्याला मशीन हजारो पटींनी फुगवते. त्याबरोबर ही गस्तही फुगून कर्ण्यातून ओरडू लागते. श्टाइनहाइलची ती परतीची जमीन सव्वाशे वर्षांनी आमच्या मांडवात अशी उगवली होती.

मला तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. फक्त दुसऱ्या एका लाउडस्पीकरवाल्याच्या पोऱ्याकडून ऐकलेली एक युक्ती आठवत होती. मी मशीनची बत्ती उघडली, मोठ्या पिनेची हिरवी तार सोडवली, चिकटपट्टी गुंडाळून बाजूला केली आणि बत्ती पुन्हा खोचली. घुमघुम एकदम नाहीशी झाली. मांडव असा शांत झाला की, गॅसबत्तीचा फुरफुराट ऐकू यावा. मघाशी मला नावे ठेवणाऱ्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी इतका खूश कधी झालो नव्हतो.

कडे तुटले होते, हे खरे. पण मशीनच्या लोखंडी पेटीला आता स्वतःची अशी जमीन उरली नव्हती. जोवर ग्रामोफोन जोडलेला होता, तोवर पदराच्या तारेतून तिला देवळाच्या अर्थिंगचा आधार होता. संध्याकाळी रेकॉर्डी संपल्या आणि मी शहाण्यासारखा ग्रामोफोनची तार काढून गुंडाळून ठेवली. तो आधारही गेला. पावसाच्या ओलीने मशीनच्या रोहित्राचे वेष्टन सर्दावले होते, त्यातून वीज पेटीत उतरली. पेटीतून पदरात, पदरातून माईकच्या धातूच्या अंगात आणि उभ्या दांड्यात. अर्थिंग असती तर ती वीज जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता आणि मशीन बंद पडले असते. आता ती दांड्यात येऊन वाट पाहत उभी राहिली.

कीर्तनकार बुवा आले. पायांत काही नाही, ओले पटांगण तुडवून आलेले, अंगावर ओलसर उपरणे. नमन झाले. माईक जरा उंच होता, म्हणून बुवांनी दांड्याला हात घातला. ते ओरडले नाहीत, हे मला अजून आठवते. त्यांचा हात दांड्यावर आवळला, मान मागे गेली, आणि कर्ण्यांतून एक भयंकर करकर उमटली. माझे पाय जागच्या जागी थिजले. अण्णा त्याच क्षणी मांडवाच्या दाराशी पोहोचले होते. त्यांनी बुवांना हात लावला नाही. धावत येऊन आधी भिंतीतला खटका पाडला. बुवा मागे पेटीवाल्याच्या अंगावर कोसळले.

ते वाचले. थोड्या वेळाने उठून बसले, पाणी प्याले, तळहातावरचा लाल वळ पाहत राहिले. अण्णांनी तोवर बत्ती उघडली होती. त्यांनी ती चिकटपट्टी बोटाने सोडवली आणि माझ्याकडे पाहिले.

"हे कोणी केलं?"

"मी, अण्णा. घुमत होतं म्हणून."

मला वाटले, ते मारतील. त्यांनी मारले नाही. ते फक्त म्हणाले, "घुमत होतं म्हणजे तुला काहीतरी सांगत होतं. तू त्याचं तोंड दाबलंस."

मग ते बुवांकडे गेले, त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि आजचे कीर्तन रद्द करा म्हणाले. बुवा म्हणाले, "अण्णा, आमच्या बापजाद्यांनी कुठं मशीन लावलं होतं?" गॅसबत्त्या जवळ ओढून घेतल्या, लोक पुढे सरकून बसले, आणि बुवांनी नुसत्या गळ्याने दीड तास कीर्तन केले. मी मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होतो. त्यांचा आवाज मधूनमधून कापत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला तेच मशीन, तोच ग्रामोफोन आणि तीच तार देऊन पुन्हा बसवले. रोहित्र रात्रीतच बदलले होते. हिरवी तार लावली; घुम्म परत आले. "आता पीन न सोडता हे बंद कर," असे म्हणून ते समोर बसून राहिले. मी दोन तास झटलो. शेवटी त्यांनी शाळेतून एक लांब जोडतार टाकून ग्रामोफोनही शाळेच्याच विजेवर घेतला. दोन्ही यंत्रे एका अर्थिंगवर आली, कडे नाहीसे झाले, आवाज विरून गेला. "दोघांना एकाच घरचं जेवण घाल," ते म्हणाले, "म्हणजे भांडण होत नाही."

हे माझ्या एकट्याचेच पाप होते असे नाही. जगभर हीच चूक होत होती. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्झी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा तरुण गिटारवादक लेस्ली हार्वे याने हाती गिटार असताना अर्थिंग नसलेल्या माईकला स्पर्श केला आणि तो रंगमंचावरच गेला. ही बातमी मी पुष्कळ उशिरा वाचली. त्या रात्री मला बुवांचा आवळलेला हात दिसत राहिला.

हात आवळतो का, यालाही शास्त्र आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल या प्राध्यापकाने स्वयंसेवकांच्या हाती तारा देऊन, किती विजेपर्यंत माणूस स्वतः होऊन मूठ सोडू शकतो, हे मोजले. १३४ पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, २८ स्त्रियांची साडेदहा. घरातला लहानसा दिवादेखील यापेक्षा अधिक वीज पितो. या अभ्यासातूनच त्याने १९६१ साली एक खटका तयार केला: जेवढी वीज गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे वाटेत ती कोणाच्या तरी अंगातून जमिनीत गेली, असे समजून तो क्षणार्धात वीज तोडतो. आपल्या घरांच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा जो खटका असतो, तो याच घराण्यातला. आमच्या मांडवात तो असता, तर बुवांना नुसता झटका बसून सुटका झाली असती.

पुढे मी हाच धंदा चालवला. काळाबरोबर घुमण्याचे प्रकार वाढले. १९५७ नंतर थायरिस्टर आला आणि नाटकांचे दिवे त्यावर मंद-प्रखर होऊ लागले. तो विजेची प्रत्येक लाट अर्ध्यात तोडतो, सेकंदाला शंभर वेळा. त्या तुटक्या कडांचा आवाज खर्जातला नसतो, तो करवतीसारखा झर्रर असतो. म्हणून जाणकार प्रथम कानानेच निवाडा करतो: मऊ घुमणे असेल तर अर्थिंगचे कडे किंवा जवळचे रोहित्र पाहावे, कर्कश भुणभुण असेल तर दिवे आणि त्यांच्या तारा पाहाव्यात. पुष्कळदा यंत्रे उत्तम आणि तारा उत्तम असूनही घुमघुम जात नाही. याचे एक कारण १९९५ साली नील मन्सी याने दाखवून दिले. तारेचा पदर यंत्राच्या लोखंडी पेटीला दारातच जोडायचा सोडून कारखानदार तो आतल्या नाजूक मंडलाला जोडत, आणि बाहेरची सगळी घाण थेट देवघरात नेत. यंत्रे बनवणाऱ्यांनाही ही गोष्ट कळायला इतकी वर्षे लागली, हे वाचून माझ्या मनावरचे ओझे किंचित हलके झाले.

अण्णांची रीत मात्र बदलली नाही. आधी मुख्य मशीनच्या सगळ्या तारा काढा. नुसते मशीन घुमते का? घुमत असेल तर रोग घरातच आहे. नसेल तर एकेक तार जोडत जा. ज्या तारेबरोबर आवाज येईल, तिच्या पलीकडच्या टोकाला जा. विजेच्या आणि आवाजाच्या तारा शेजारी निजवू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. सगळ्यांना एकाच ठिकाणची वीज द्या. तेही जमत नसेल तर आवाजाच्या वाटेत एकास एक वेढ्यांचे लहान रोहित्र घाला, म्हणजे आवाज पलीकडे जाईल आणि गस्त अलीकडे राहील. आवाजाच्या तारेचे काय वाटेल ते करून पाहा. विजेच्या हिरव्या तारेला हात लावू नका.

गेल्या वर्षी दिवाळी पहाटेच्या गाण्याला नातीबरोबर गेलो होतो. मांडवात ध्वनियंत्रणा सांभाळणारा मुलगा विशीतला, समोर संगणकाचा झगझगीत पडदा. कर्ण्यांतून झर्रर येत होते. तो वैतागून टेबलाखाली वाकला आणि त्याचा हात बत्तीकडे गेला. मी जागचा उठलो.

"बाळ, ती पीन राहू दे."

त्याने चमकून वर पाहिले. "आजोबा, हम जातो त्यानं."

"जातो, ठाऊक आहे मला," मी म्हटले. "आधी दिव्यांची तार कुठून आली आहे ते बघू या."

ती माईकच्या तारेला खेटून, एकाच चिकटपट्टीत बांधून, व्यासपीठाच्या कडेने आली होती. दोघांनी मिळून पट्टी सोडवली आणि दिव्यांची तार मागच्या बाजूने फिरवून घेतली. आवाज जवळजवळ गेला. अगदी गेला नाही. कान देऊन ऐकले तर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला तो परका सूर थोडासा उरलेला होता. मुलगा पुन्हा बटणांकडे वळला. मी म्हटले, "एवढा राहिला तर राहू दे. गाणं सुरू झालं की तो कोणाला ऐकू येत नाही."

व्यासपीठावर तंबोरे लागले. गायिका अनवाणी पायांनी पुढे आली आणि माईक जवळ घ्यायला तिने दांड्यावर हात ठेवला. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. तिने दांडा थोडा खाली घेतला, हात सोडला आणि डोळे मिटले.